अपैशुन: टीममधला विश्वास कुठे तुटतो?

आजचे चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक २



सोळाव्या अध्यायात भगवंत दैवी संपत्तीचे गुण सांगतात. सुरुवात होते ‘अभय’ या गुणापासून. पुढच्या श्लोकात अहिंसा, सत्य, अक्रोध, त्याग, शांती यांच्या पाठोपाठ एक शब्द येतो: अपैशुन. इतकी वर्षं हा अध्याय म्हणतोय, पण या शब्दाशी मी कधी थांबलो नव्हतो.

पिशुन म्हणजे चहाडखोर. शंकराचार्य भाष्यात नेमका अर्थ देतात: एकाचं उणं दुसऱ्यापुढे उघड करणं म्हणजे पैशुन्य; ते नसणं म्हणजे अपैशुन. सांगितलेली गोष्ट खोटी असली पाहिजे, असं यात कुठेही नाही. खरं बोलूनही चहाडी होते!

हे मला ऑफिसात कळलं. एका शुक्रवारी संध्याकाळी आमचा रिलीज गेला. बदल टीममधल्या ज्युनियर मुलाचा होता, रिव्ह्यू करून मंजुरी मी दिली होती. रात्री पेमेंटच्या नोंदी दोनदा पडू लागल्या. रोलबॅक केला, पहाटेपर्यंत नोंदी दुरुस्त करत बसलो. सोमवारी मॅनेजरनी मला एकट्याला विचारलं. मी म्हणालो, “सर, चेंज त्याचा होता. मी त्याला नीट टेस्ट करायला सांगितलं होतं.” दोन्ही वाक्यं खरी होती. मंजुरी माझी होती, हे तिसरं वाक्य मी गिळलं.

आम्ही वापरतो त्या गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची कमांडच आहे. कुठली ओळ शेवटी कोणी बदलली, ते ती दाखवते. ती ओळ कोणी तपासून पुढे जाऊ दिली, ते मात्र ती सांगत नाही. त्या दिवशी मीही तेवढंच सांगितलं.

गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली. तो भांडला नाही. फक्त “दादा, जरा बघता का?” म्हणत माझ्या डेस्कपाशी यायचा, ते बंद झालं. दोन महिन्यांनी पुन्हा एक गडबड झाली. त्याला दोन दिवस आधीच शंका आली होती, पण तो गप्प राहिला. का, विचारल्यावर म्हणाला, “सांगितलं असतं तर परत माझंच नाव पुढे गेलं असतं.”

त्याचं अभय मी घालवलं होतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. उलगडा असा झाला की तिथली माणसं चुका न घाबरता बोलून दाखवत होती. जिथे चहाडीची भीती असते तिथे चुका थांबत नाहीत, लपतात.

ज्ञानेश्वर माउली या शब्दावर सुंदर दृष्टांत देतात. चिखलात रुतलेली गाय दिसली की माणूस आधी तिला बाहेर काढतो, दुभती की भाकड हे बघत बसत नाही. दुसऱ्याचा दोष दिसला तर आधी आपल्या चांगुलपणाने तो झाकावा, सलतं ते विसरायला लावावं, मग त्याच्याकडे बघावं.

म्हणजे चूक दडपायची का? नाही. सत्यही त्याच श्लोकात आहे. चूक टीमसमोर, कामाची म्हणून मांडायची. कशी झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, ते बोलायचं. माणसाला जे सांगायचं ते त्याच्या तोंडावर. आणि आपला वाटा सगळ्यात आधी.

मी मॅनेजरकडे जाऊन ते तिसरं वाक्य सांगितलं. मग टीमसमोर सांगितलं, तो समोर असताना. सोपं नव्हतं, घसा कोरडा पडला होता. तो आता पुन्हा शंका विचारतो. पूर्वीइतका मोकळेपणाने नाही. विश्वास तुटायला दोन वाक्यं पुरली, जुळायला किती लागतील कोण जाणे.

आजचा अभ्यास: आज कोणाचं नाव त्याच्या पाठीमागे घ्यायची वेळ आली, तर क्षणभर थांबा. तो इथे असता तर मी हे असंच बोललो असतो का? आणि यातलं माझं कुठलं वाक्य मी गिळतोय?

माउली, आमच्या शेजारी बसणाऱ्याला आमची भीती वाटू नये, एवढं कर.

राम कृष्ण हरी 🙏