अभ्यासपाठ : एकदाच फुलणारा भेरली माड

वाचन : अनुवाद 22:6-7



भिवंडी म्हटले की गोदामे आणि यंत्रमाग आठवतात. पण तालुक्याच्या पश्चिमेला तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे आणि आसपासच्या पाड्यांवर वारली व कातकरी कुटुंबे राहतात. सह्याद्रीच्या ओलसर दऱ्यांत वाढणारा भेरली माड आपल्या या बांधवांच्या ओळखीचा आहे. त्याच्या पानाचे तुकडे माशाच्या शेपटीसारखे दिसतात. कोकणात ही पाने मांडवाला लावतात, पोयीतून माडी काढतात आणि खोडाच्या गाभ्यातून साबुदाण्यासारखे पीठ मिळते.

झाडाचा स्वभाव

या माडाला फांद्या नसतात. शेंड्याला एकच कोंब असतो. तो छाटला की झाड मेले. पुरती वाढ झाल्यावर पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, पुढचे एकेक खाली येत जातात. शेवटची फळे पिकली की झाड वाळते. फळ हाताला खाजते, पण उदमांजर ते खाते आणि बी रानात पसरवते. ज्या पोयीतून माडी काढली, तिला फळ धरत नाही. सगळ्याच पोयी कापल्या, तर त्या झाडामागे बी उरत नाही.

आताच का शिकावे?

निकोबार बेटांवरचा बेंटिंकिया निकोबारिका हा ताड जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या वाढत नाही. तो संकटग्रस्त गणला जातो. भेरली माडावर ती वेळ आलेली नाही. म्हणूनच राखण आता सोपी आहे.

शास्त्र आणि कायदा

वाचनातील आज्ञा पिले घेऊ देते, पण पक्षिणीला सोडून द्यायला सांगते. घेण्याला मनाई नाही. मूळ मात्र राखायचे. 2006 चा वनहक्क कायदाही आदिवासींना गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क देतो आणि सामूहिक वन राखण्याचाही. तेव्हा ‘रानाला हात लावू नका’ असे पाड्यावर जाऊन सांगणे आपले काम नव्हे. दाव्याचे कागद पुरे करायला आणि रोपवाटिकेला हात देणे, हे आपले काम.

मंडळीत चर्चेसाठी

1. प्रत्येक झाडावर एक तरी पोय बियांसाठी राखता येईल का? हे पाड्यावरच्या जाणत्यांना विचारा.
2. आपल्या लग्नाच्या मांडवाची पाने कोठून येतात? ती आणणाऱ्याला किती पैसे मिळतात?
3. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी आपल्यापैकी कोण वेळ देईल?