जुन्या मालमोटारीचा डिफरन्शियल : बिघाड व दुरुस्ती

तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळपास जावा. त्यानंतर त्याचे वजन व साखर ही दोन्ही घटू लागतात. अशा वेळी भरलेली मालमोटार फडाच्या तोंडाशीच बंद पडली, तर नुकसान केवळ गाडीमालकाचे नव्हे, ऊस-बागाइतदाराचेही होते. जुन्या गाड्यांत असा प्रसंग वारंवार आणणारा भाग म्हणजे मागील एक्सलच्या मध्यभागी, गोल घरात बसविलेला डिफरन्शियल होय.

वळणावर बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. ही सोय या घरातील लहान दातेरी चाके करतात. मोठ्या गाडीत ती बहुधा चार असतात. सरळ रस्त्यावर ती आपल्या खुंटीभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. परंतु एक चाक ओल्या सरीत जागच्या जागी फिरू लागले व दुसरे स्थिर राहिले, म्हणजे फिरणारे चाक दुप्पट वेग घेते आणि ही लहान चाके खुंटीवर जोराने घासली जातात. तेवढ्यात चाकाने अकस्मात पकड घेतली की सारा हिसका दात्यांवर व एक्सलवर बसतो. म्हणून रुतलेली गाडी केवळ इंजिनाच्या जोरावर काढू नये. चाकापुढील माती उकरावी, पाचट किंवा फळ्या घालाव्यात, जरूर तर काही मोळ्या उतरवाव्यात. हमालीचा खर्च क्राऊन-पिनियनच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

बिघाड बहुधा आवाजाने आधी कळतो. ओढ असताना घुमणारा व ओढ सोडताच बदलणारा आवाज क्राऊन-पिनियनचा असतो. सतत येणारी घरघर बेअरिंगची, तर केवळ वळणावर येणारा आवाज लहान चाकांचा समजावा. गाडी सुटताना ‘टक्’ असा ठोका आला, तर प्रथम प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. पुष्कळदा दोष तेथेच असतो व डिफरन्शियल विनाकारण उघडला जातो.

तेलाची पातळी सपाट जागी, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी. उत्पादकाने सांगितलेले गिअर ऑईलच वापरावे, इंजिन ऑईल चालत नाही. तेल दुधी दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे. घरावरील हवेचे छिद्र मातीने बुजले, तर आतील दाबाने तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. हा धोका अपघाताचा आहे.

दुरुस्तीत क्राऊन व पिनियन ही जोडी एकत्रच बदलावी. ती कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते. नवा पिनियन जुन्या क्राऊनशी नीट बसत नाही. तुटलेला दाता वेल्ड करणे हा तर उपायच नव्हे. बेअरिंगचा ताण व दात्यांमधील फट पुस्तिकेतील मापानुसार ठेवावी, आणि दात्यांना निळा रंग लावून, फिरवून ठसा पाहावा. ठसा दात्याच्या मध्याजवळ उमटला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी उमटल्यास शिम बदलून पुन्हा जुळवणी करावी. कारागीर ठसा न पाहता घर बंद करीत असेल, तर मालकाने तेथेच थांबवावे.

रस्त्यात डिफरन्शियल तुटल्यास, चाकाचा भार हबवर असलेल्या गाडीचे दोन्ही एक्सल बाहेर काढून, हबची तोंडे झाकून ती ओढून नेता येते. मात्र एक्सल काढल्यावर गिअर घालून गाडी थांबत नाही. म्हणून बोल्ट सैल करण्यापूर्वीच चाकांना पुढून व मागून मोठे दगड लावावेत.