न विचारता बोलणारी पट्टी

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या एका मित्राला डॉक्टरांकडे जायचे होते. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून त्याने शहराबाहेरचे डॉक्टर शोधले होते आणि "कुणाला सांगू नकोस" असे मला बजावले होते. बाबांची मोटार घेऊन आम्ही हैदराबादच्या बाह्य वळणरस्त्याने गेलो व घटकेसरला उतरलो. संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तोच बाबांनी विचारले, "घटकेसरला कुणाकडे गेला होतास रे?" मोटारीचा फास्टॅग त्यांच्या बँकखात्याशी जोडलेला होता. टोल कापल्याचा निरोप माझ्याआधीच घरी पोचला होता. मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी मला बाबांशी खोटे बोलावे लागले. काचेवरच्या त्या पट्टीविषयी माझे कुतूहल तेव्हापासून जागे झाले. प्रस्तुत लेख हे त्याचेच फळ.

या पट्टीमागील तंत्राला आर. एफ. आय. डी., म्हणजे रेडिओ लहरींच्या साहाय्याने ओळख पटविणे, असे म्हणतात. पट्टीत एक बारीक चिप व एक अँटेना असते, बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्र रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींतूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत कळविते. परावर्तित लहरींनी संदेश पाठविण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडली होती. आपल्याकडे फास्टॅगसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. त्यामुळे काही मीटरांवरून वाचन होते. काही कार्डे मात्र यंत्राच्या अगदी जवळ, काही सेंटीमीटरवर, धरावी लागतात.

दुकानातील वस्तूवरच्या काळ्या रेघांशी याची तुलना करून पाहावी. रेघा वाचण्यासाठी वस्तू यंत्रासमोर धरावी लागते. चिप मात्र खिशात वा पिशवीत असतानाही वाचता येते आणि बाळगणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय एका कंपनीच्या साबणाच्या सर्व वड्यांवरील रेघा सारख्याच असतात, पण प्रत्येक चिपचा क्रमांक निराळा असू शकतो.

तरीही चिपला दोष देऊन भागणार नाही. तिला बहुधा एका क्रमांकापलीकडे फारसे काही ठाऊक नसते. खरा प्रश्न आहे तो वहीचा. क्रमांक, स्थळ आणि वेळ या तीन गोष्टी ज्या वहीत नोंदल्या जातात व ज्या वहीत क्रमांकापुढे माणसाचे नाव असते, ती वही कोणाच्या हाती आहे? फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर चारचाकी वाहनांना फास्टॅग आवश्यक करण्यात आला. नाक्यावरील रांगा कमी व्हाव्यात हा हेतू चांगलाच होता. परंतु टोलसाठी केलेली नोंद माणसाच्या हालचालींचीही नोंद ठरते, हे त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आले.

हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे २०१२ साली दोन शाळांतील मुलांना अशी चिप असलेली ओळखपत्रे देण्यात आली. हजेरी अचूक व्हावी हा उद्देश होता. एका विद्यार्थिनीने ते बाळगण्यास नकार दिला व प्रकरण न्यायालयात गेले. तेथे तिची बाजू टिकली नाही. परंतु हजेरीत अपेक्षित वाढ न दिसल्यामुळे २०१३ साली ती योजनाच सोडून देण्यात आली.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यावर शासनाला बंधन घालायचे असेल तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे, असे त्या निकालातून निष्पन्न झाले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला.

कायदा आहे, पण प्रश्न विचारणारे नसतील तर तो पुस्तकातच राहील. म्हणून कोणतेही नवे कार्ड हाती येईल तेव्हा विद्यार्थी मित्रांनी चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. यातून कोणती नोंद होते? ती कोण पाहू शकतो? ती किती दिवस ठेवली जाते? आणि आपले नाव न नोंदविता तेच काम करण्याची दुसरी वाट ठेवली आहे काय?

बाबांचा यात काही दोष नव्हता; मोटार त्यांची, पैसेही त्यांचेच. पण तो निरोप केवळ पैशांचा नव्हता, माझ्या मित्राचाही होता, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. मित्र आता त्या डॉक्टरांकडे बसने जातो. कंडक्टरला रोख पैसे देऊन तिकीट घेतो. त्या तिकिटावर नाव नसते.