ठशांची टक्कर

प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. परंतु एका बाजूवर दुसऱ्या बाजूची पुसट छाया उमटलेली काही जुनी नाणी संग्राहकांनी जिवापाड जपून ठेवली आहेत. ही छाया उमटली कशी?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची टाकसाळ १७९२ च्या कायद्यान्वये फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली. १७९३ साली तेथे तांब्याचे सेंट पाडण्यास प्रारंभ झाला. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. त्याच्या एका अंगावर स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक असे. दुसऱ्या अंगावर आरंभी साखळी होती. लवकरच तिच्या जागी पानांची माळ आली.

नाणे पाडण्यासाठी दोन पोलादी ठसे समोरासमोर बसवीत व त्यांच्यामध्ये तांब्याची कोरी चकती ठेवीत. कामगार मळसूत्री दाबयंत्राचा दांडा जोराने फिरवीत. वरचा ठसा खाली आदळला की चकतीच्या दोन्ही अंगांवर एकदम चित्रे उमटत. परंतु कधी कधी मध्ये चकतीच नसे. मग पोलाद पोलादावर आदळे आणि एका ठशाच्या आकृतीची खूण दुसऱ्यावर उमटे. त्यानंतर पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती खूण उतरे. म्हणूनच काही सेंटांवर देवतेच्या मुखासमोर मागील बाजूच्या पानांच्या पुसट, उलट रेषा दिसतात.

अभ्यासकाला हा दोष मोलाचा वाटतो. नाण्यावरील आकडा केवळ वर्ष सांगतो. त्या वर्षात कोणते नाणे आधी पडले, हे तो सांगत नाही. एकाच ठशांची दोन नाणी घेतली आणि एकावरच ही खूण आढळली, तर खूण नसलेले नाणे आधीचे असले पाहिजे. मात्र निर्णयाची घाई करू नये. कामगार कधी कधी ठसा घासून खूण काढून टाकीत. अशा घासण्याने देवतेच्या केसांच्या बारीक रेषाही झिजत. तेव्हा खूण नसली, तरी केसही झिजलेले आहेत काय, हे पाहावे लागते.

१८५७ साली उडत्या गरुडाचे चित्र असलेला लहान सेंट प्रचारात आला. त्यांपैकी काहींवर चक्क वीस डॉलरच्या सुवर्णनाण्याच्या ठशाची खूण आहे! दोन्ही नाण्यांच्या किमतीत दोन हजार पटींचे अंतर. तरीही त्यांचे ठसे एकमेकांवर आदळले होते, याची साक्ष तो एक सेंटच देतो.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठी अखेरचे सेंट पाडण्यात आले. जुन्या सेंटांवरील त्या पुसट रेषा मात्र कारखान्यातील एका क्षणाची हकीकत अजून सांगत आहेत. ती ऐकण्यास कान नव्हे, चिकाटीची नजर हवी.

शब्दार्थ : टाकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना; मळसूत्र – स्क्रूचा पेच; संग्राहक – संग्रह करणारा.

स्वाध्याय
१. ठशावर दुसऱ्या ठशाची खूण केव्हा उमटे?
२. खूण नसलेले नाणे नेहमीच आधीचे असते काय? कारण द्या.
३. ‘जिवापाड जपणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.