डिझेल इंजिनाची गळकी तेलनळी

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापुरास येते व पुढे उल्हासनगरच्या कडेने कल्याणकडे जाते. भाताची कापणी झाल्यावर या काठी काकडी, भेंडी यांसारखी पिके घ्यावयाची, तर नदीचे पाणी उचलावे लागते. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही किंवा वीज वेळेवर मिळत नाही, तेथे हे काम लहान डिझेल इंजिनावर चालते. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. तेव्हापासून असे इंजिन महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे.

या इंजिनात टाकीतील डिझेल गाळणीतून फ्युएल पंपात येते. पंपातून ते पोलादी नळीने नोझलकडे जाते व नोझलमधून बारीक फवाऱ्याच्या रूपाने सिलिंडरमध्ये शिरते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसल्यासारखाच असतो. पंप व नोझल यांमधील नळीत मात्र तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे मालट्रकच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या पंचवीसपट असतो. म्हणून या दोन नळ्यांची गळती एकसारखी समजू नये.

इंजिन चालू असता गळती कोठे आहे हे बोट फिरवून पाहण्याची सवय पुष्कळांना असते. ती अत्यंत घातक आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते व प्रथम फारशी दुखतही नाही, त्यामुळे मनुष्य काम चालूच ठेवतो. काही तासांनी बोट सुजते व आतील मांस मरू लागते. वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. अशी इजा झाल्यास जखम दाबू नये, शेकू नये, हळद भरून बसू नये. रोग्यास ताबडतोब उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुसरे काही सांगितले नाही तरी एवढे अवश्य सांगावे.

गळतीची जागा शोधण्यास इंजिन बंद करून नळी व दोन्ही टोकांचे नट फडक्याने कोरडे पुसावेत आणि त्यांवर खडूची पूड भुरभुरावी. नंतर इंजिन थोडा वेळ चालवून लांबून पाहावे. जेथे पूड प्रथम ओली होते, तेथे दोष आहे. धार सुटत असल्याचा संशय असल्यास काठीला पुठ्ठा बांधून तो नळीजवळ धरावा.

गळती बहुधा नटापाशी असते. इंजिन बंद करून एका पान्याने नोझलचा किंवा पंपाचा भाग स्थिर धरावा व दुसऱ्याने नट बेताने आवळावा. गळती थांबली नाही म्हणून जोर वाढवीत जाणे चुकीचे आहे; त्याने नळीच्या टोकाचा शंकू चेपतो आणि मग ती नळी कायमची निकामी होते. नट सोडून शंकू व त्याची बैठक स्वच्छ डिझेलने धुऊन पाहावी. पुष्कळदा तेथे वाळूचा कण अडकलेला आढळतो. उघडी टोके स्वच्छ फडक्याने झाकून ठेवावीत, कारण नदीकाठची धूळ नोझलमध्ये गेल्यास खर्च अनेक पटींनी वाढतो.

नळीलाच चीर असेल, तर ती बदलण्यावाचून उपाय नाही. सुतळी, साबण, डांबर, झाळकाम यांपैकी काहीही या दाबापुढे टिकत नाही. नवी नळी त्याच लांबीची व त्याच अंतर्व्यासाची असावी. लांबी बदलल्यास डिझेल सुटण्याची वेळ बदलते. चीर पडण्याचे कारण बहुधा कंपन असते. नळीस धरणारी पकड हरवली असता ती पुन्हा बसविण्याचा आळस होतो. दुसरे कारण या काठाचे खास आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. असा पूर येणाऱ्या नदीकाठचे इंजिन पावसाळ्यापूर्वी वर हलवावे लागते, आणि हलविताना धरावयास सोयीची म्हणून ही नळीच हाताशी येते! इंजिन तिला धरून कधीही उचलू नये.

नळी बसविल्यावर आतील हवा काढावी लागते. प्रथम गाळणीवरील व मग पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. नंतर नोझलकडील नट थोडा सैल ठेवून, डीकम्प्रेशन लिव्हर उचलून, चेहरा व हात दूर ठेवून हँडल फिरवावे. निर्भेळ डिझेल येऊ लागताच नट आवळावा. पुन्हा हँडल फिरविले असता नोझलमधून 'कर्र' असा आवाज आला म्हणजे इंजिन चालू करण्यास हरकत नाही.

तासाला पाव लिटर गळणारे डिझेल आठ तासांत दोन लिटर होते. पाच अश्वशक्तीचे इंजिन साधारण तितक्यात दोन तास चालते. शिवाय ते पाझरून ज्या नदीत जाते, तिचेच पाणी बदलापूर व अंबरनाथच्या नळांना येते.