फी भरता, मग दार का ठोठावत नाही?

बारावीचा निकाल लागला की माकणी, लोहारा, उमरगा या पट्ट्यातून तोच प्रश्न येतो, "सर, पोराला पुण्यातलं कोणतं कॉलेज बघू?" मार्क पन्नास टक्के असोत की नव्वद, पुणं पक्कं. लातूरला क्लास झाले, आता पुढचा मुक्काम पुणे. इंजिनीअरिंगला सीईटी, मेडिकलला नीट, बाकीच्यांना बीए, बीकॉम, बीएस्सी; ही माहिती सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, ती मी पुन्हा सांगत बसत नाही. पोरं गळतात ती ॲडमिशनच्या रांगेत नाही, नंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत. बोलायचंय ते त्याबद्दल.

कॉलेजचा नंबर कितवा, पॅकेज किती, हे पालक विचारतात. तिथं विद्यार्थी विकास अधिकारी कोण, बुक बँक आहे का, समुपदेशक कधी बसतात, हे कोणीच विचारत नाही. मग पोरगं कॉट बेसिसवर राहतं, मेसचं खातं, इंग्रजीतलं लेक्चर कळत नाही म्हणून बाहेर पुन्हा क्लास लावतं. ज्या कॉलेजची फी भरली, त्याच्या ग्रंथालयात मात्र वर्षभर पाय ठेवत नाही.

माझा पहिला आग्रह आहे: कमवा आणि शिका. योजना जुनी आहे, पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानंच चालते. ग्रंथालयात, ऑफिसात किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम आणि तासावर मानधन. पैसे थोडेच, त्यावर पुण्यात घर चालणार नाही. पण ऑफिसात बसणाऱ्या पोराला क्लार्क नावानं ओळखतो आणि कोणता अर्ज कधी सुटतो हे त्याला सगळ्यांआधी कळतं. गावाकडून आलेल्या पोराला ही ओळख मानधनापेक्षा जास्त उपयोगी पडते. आणि यावर पालकांचं उत्तर काय? "आमचं पोर झाडू मारायला पाठवलं का?" हा खोटा मोठेपणा आहे. शेत गहाण टाकून हप्ते भरायला लाज वाटत नाही, पोरानं पुस्तकं लावायला वाटते!

शिष्यवृत्तीतही ऑफिसातली ही ओळखच कामी येते. महाडीबीटीवर अर्ज भरला की काम संपलं असं पोरं समजतात. तो अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडतो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याकडे. मध्येच उत्पन्नाचा दाखला चुकीचा म्हणून परत येतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहतो. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी स्कॉलरशिपच्या टेबलाशी जाऊन विचारायचं. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुण्यात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते विसरू नका.

आता पालकांना थेट सांगतो. "एटीकेटी लागली हे गावात कळू देऊ नकोस" हे वाक्य फोनवर बोलणं बंद करा. गावापासून लपवायला शिकलेलं पोर उद्या तुमच्यापासूनही लपवतं. आणि मदत घ्यायला लाज कसली? 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं आपल्याच भागातली सुमारे 1200 मुलं पुण्याला शिकायला नेली. ती मदत आपण भीक मानली नाही. मग आज पोरानं समुपदेशकाकडे जाणं हा कमीपणा कसा? झोप उडाली, जेवण जाईना, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत चालू असते, मराठीतही बोलता येतं. रॅगिंगच्या तक्रारीसाठी 1800-180-5522. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिथं दाद लागली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

समुपदेशन कक्षाला कुलूप, समिती फक्त कागदावर, अशीही कॉलेजं आहेत. म्हणूनच ॲडमिशनच्या दिवशी फीच्या खिडकीवरून परत फिरू नका. ग्रंथालय, स्कॉलरशिपचं टेबल आणि विद्यार्थी विकास कक्ष ही तीन ठिकाणं पोराला घेऊन बघा. तिथल्या माणसांची नावं पोराच्या वहीत लिहून घ्या. तिन्ही ठिकाणी कोणीच भेटलं नाही, तर ते कॉलेज पुण्यातलं असलं तरी घेऊ नका. धाराशिवला आपल्याकडच्या विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, उमरग्यातही कॉलेजं आहेत. पोराला नावानं ओळखणारं कॉलेज निवडा.