अध्ययनशैलीची संकल्पना आणि साहित्याचे अध्ययन

अध्ययनशैलीची संकल्पना शिक्षणशास्त्रातून भाषा-साहित्याच्या वर्गात आली आणि तेथे स्थिरावली. नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये मांडलेली दृश्य, श्राव्य, वाचन-लेखनप्रधान व कृतिप्रधान ही चतुर्विध वर्गवारी विशेष प्रचलित झाली. विद्यार्थ्याची शैली ओळखावी व तिला अनुरूप अशाच पद्धतीने त्याला शिकवावे, असा निष्कर्ष तिच्यातून सहजच काढला जातो. साहित्याच्या अध्ययनापुरता तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे दोन विधानांत भेद करणे अगत्याचे आहे. एखाद्याला ऐकणे रुचते, दुसऱ्याला टिपणे काढणे रुचते, हे निर्विवाद आहे. मात्र रुचीच्या मार्गाने शिकवल्यास आकलन वाढते, हे निराळे विधान असून त्याला स्वतंत्र पुरावा लागतो. हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा परामर्श घेतला. एकाच कसोटीवर एका गटाला एक पद्धती आणि दुसऱ्या गटाला दुसरी पद्धती अधिक लाभदायक ठरली, तरच हे विधान सिद्ध होईल, अशी त्यांची अट होती. ती पुरी करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

साहित्यकृतीच्या बाजूने पाहिल्यासही हाच प्रत्यय येतो. ‘ज्ञानेश्वरी’तील ओवीचे पहिले तीन चरण सामान्यतः यमकबद्ध असतात, चौथा आखूड व यमकमुक्त असतो. त्या चौथ्या चरणापाशी लय कशी विसावते, हे मोठ्याने वाचल्यावाचून कळत नाही, मग वाचणारा ‘दृश्य’ शैलीचा का असेना. उलट, एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केलेल्या प्रतीची परंपरा आणि राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रकाशित केलेली प्रत यांतील पाठभेद कानाने उमगत नाहीत. दोन्ही पाठ समोरासमोर मांडून, शब्दरूपे उतरवून घेऊनच ते ध्यानी येतात. तात्पर्य, पद्धती ठरते ती अभ्यासविषयाच्या प्रकृतीवरून.

मराठी परंपरेलाही ही दृष्टी अपरिचित नाही. ‘दासबोधा’त श्रवणाचे निरूपण आहे, तसेच लेखनक्रियेवर स्वतंत्र समासही आहे. ही दोन्ही अंगे दोन प्रकारच्या साधकांत वाटून दिलेली नाहीत.

वर्गवारीचा खरा धोका तिच्या उपयोजनात आहे. ज्याच्या घरी ग्रंथ नव्हते, अशा विद्यार्थ्याला ‘श्राव्य’ ठरवून केवळ व्याख्यानांवर सोपवले, तर ज्या वाचनाचा सराव त्याला कधी मिळालाच नाही, त्यालाच तो पुन्हा मुकतो. संधीच्या अभावाला स्वभावाचे नाव मिळते आणि अध्यापकाची जबाबदारी मात्र हलकी होते.

मग सर्वांनाच उपयुक्त असे काय उरते? रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी व आठवड्यानंतर, वाचलेला मजकूर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक स्मरणात राहिला. साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे उपयोजन सहज करता येईल. प्रथम ओव्या मोठ्याने वाचाव्यात, अन्वय लावावा, ग्रंथ मिटून आशय स्वतःच्या शब्दांत लिहावा, तो मूळ पाठाशी ताडून उणिवा भराव्यात, आणि काही दिवसांच्या अंतराने हीच क्रिया पुन्हा करावी. यात कान, डोळा व हात या तिघांनाही काम आहे.

विद्यार्थ्याची रुची हे अध्ययनाचे प्रवेशद्वार ठरू शकते. तिला अध्ययनाची मर्यादा मानणे योग्य नव्हे. जो मार्ग विद्यार्थ्याला अवघड वाटतो, त्या मार्गावर त्याच्यासोबत चालणे हेच अध्यापकाचे कार्य होय.